होंदेलीच्या जिवावर

उजाडू लागलंय. बोटीचं इंजिन बंद झालंय आणि कडेवर ओणवा होऊन मी खाली पाहतोय. मघापर्यंत काळं असलेलं पाणी आता निळसर होतंय, आणि तळाशी प्रवाळाचे डेरेदार गोटे एकेक करून दिसू लागलेत. तांडेल हात वर करतो. त्याचा अर्थ, आवाज नको. दोन तरुण डोळ्यांवर मास्क चढवून पाण्यात उतरतात, डोकी खाली घालून गोट्यांभोवती एक फेरी मारतात आणि त्यातला एक वर येऊन बोटाने जागा दाखवतो.

तिथे जाळं सोडलं जातं. बारीक आसाचं, चौकोनी, कडांना काठ्या लावलेलं. जाळं तळाशी बसलं की त्याच्यावर कालच्या माशाच्या मांसाचा वाटून केलेला लगदा पसरतात. मग वाट पाहायची. मिनिटभर काही दिसत नाही. नंतर प्रवाळाच्या कपारींतून चंदेरी रेघा बाहेर पडू लागतात. आधी चार-दोन, मग शेकडो. बोटाच्या दोन पेरांएवढे मासे. इथे यांना होंदेली म्हणतात. तांडेलाचा हात खाली येतो, चारही बाजूंनी काठ्या एकदम उचलल्या जातात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर चंदेरी खळबळ उडते.

हे मासे खायचे नाहीत, विकायचे नाहीत. ते जिवंत ठेवायचे आहेत. बोटीच्या पोटात एक हौद आहे आणि त्याच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवली आहेत, ज्यांतून समुद्राचं पाणी आत येऊन खेळत राहतं. होंदेली हाताळताना कोणी घाई करत नाही. टोपलीने उचलायची, पाण्यातच ठेवायची, पाण्यातच सोडायची. एखादीचे खवले निघाले तर ती दुपारपर्यंत टिकणार नाही, आणि मेलेली होंदेली आज कुणाच्या कामाची नाही.

मी मिनिकॉयमध्ये आहे. लक्षद्वीपची एकूण 36 बेटं, त्यांपैकी 10 वस्तीची, आणि सगळ्यांची मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर. या माळेत मिनिकॉय अगदी दक्षिणेला, बाकीच्या बेटांपासून नऊ अंश सामुद्रधुनीने तोडलेलं. इथून मालदीव जवळ आहे, राजधानी कवरत्ती लांब. इतर बेटांवर मल्याळम बोलतात. इथे महल बोलतात, जी मालदीवच्या दिवेहीचीच बहीण, आणि तिच्यासारखीच उजवीकडून डावीकडे थाना लिपीत लिहिली जाते. कोचीहून जहाजाने येताना मी प्रवासी म्हणून निघालो होतो. लगून, पांढरी वाळू आणि कासवं पाहायची, एवढंच डोक्यात होतं. ते सगळं इथे आहेच. पण या हौदात फिरणाऱ्या बोटभर माशांकडे पाहताना कळतं की बेटाचं जेवण, कमाई आणि गाव यांना धरून ठेवणारा खुंटा इथे आहे.

प्रवाळभिंतीतल्या फटीतून बोट बाहेर पडते आणि क्षणात समुद्र बदलतो. आतला फिकट हिरवा रंग संपून गडद निळा सुरू होतो आणि बोट डोलू लागते. आता सगळे आकाशाकडे पाहतात. मासा शोधण्याचं काम पक्ष्यांकडे आहे. बराच वेळ काही नाही. कोणीतरी किटलीतून काळा चहा वाटतो. मग डावीकडे लांबवर तपकिरी नॉडी आणि सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर सूर मारताना दिसतो, आणि चहाचे पेले तसेच ठेवून माणसं जागा घेतात.

पुढचं सगळं फार वेगात घडतं. बोट थव्याच्या कडेला पोचते. एक जण हौदातून होंदेली मूठमूठ उचलून पाण्यात फेकतो. त्याच वेळी मागच्या फळीवरून पाण्याचा फवारा सुरू होतो, म्हणजे पृष्ठभागावर सगळीकडे छोटे मासे उसळताहेत असा भास खालच्या माशांना व्हावा. आणि पाणी उकळतं. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच कुळातला हा मासा, पोटावर लांब काळे पट्टे असलेला, टोकदार, अंगाने घट्ट. बोटीच्या मागच्या कडेवर माणसं एका ओळीत उभी आहेत, प्रत्येकाच्या हातात लांब बांबू, त्याला तेवढीच दोरी आणि टोकाला चकचकीत गळ. गळाला आमिष नाही. गळाला उलटा काटाही नाही. चकाकीला भुलून कुपा तोंड घालतो, बांबू मागे झुकतो, मासा माणसाच्या खांद्यावरून हवेत येतो, दोरी सैल पडताच गळातून आपोआप सुटतो आणि फळीवर आदळतो. तोवर गळ पुन्हा पाण्यात गेलेला असतो. फळीवर शेपट्यांचा धडधडाट चाललाय, रक्त आणि पाणी पायांखालून वाहतंय, आणि बांबू एका लयीत उठतात, पडतात, उठतात.

मग एकाएकी सगळं थांबतं. थवा खाली गेला. तांडेल हौदात डोकावून किती होंदेली उरल्या ते पाहतो. त्याची नजर फळीवरच्या माशांकडे नाही, हौदाकडे आहे. होंदेली शिल्लक असेल तर पुढचा थवा शोधायचा, नसेल तर समोर कितीही कुपा उसळत असला तरी परत फिरायचं.

मासेमारीची ही रीत मिनिकॉयकरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि लक्षद्वीपच्या इतर बेटांनी ती इथूनच उचलली. एका माणसाने एका वेळी एक मासा काढायचा. मोठ्या जाळ्यांत कुप्याबरोबर कासव, डॉल्फिन, शार्क, पिल्लं असं बरंच काही येतं आणि मरून परत समुद्रात जातं. या फळीवर कुप्याखेरीज दुसरा जीव जवळपास नाही. समुद्रातून अन्न काढण्याची इतकी स्वच्छ पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

दुपार होत आलीय. धक्क्यावर माशांचे वाटे पडताहेत. बोटीचा वाटा, तांडेलाचा, होंदेली धरणाऱ्यांचा, गळवाल्यांचा. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली की दोर धरणाऱ्या प्रत्येकाचा वाटा निघतो. इथे उभं राहून तेच आठवतं, कारण इथेही हिशेब कागदावर नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे.

काही मासे ताजे विकले जातील, बाकीचे घरांमागच्या अंगणांत जातात. धूर दिसतो त्या दिशेने मी चालत जातो. नारळीखाली चार बायका काम करताहेत. एक डोकं आणि आतडी काढते, दुसरी सुरीने मासा लांबीत चिरून त्याच्या चार फाका करते. शेजारी मोठ्या भांड्यात समुद्राचं पाणी उकळतंय. फाका त्यात शिजतात, मग निथळून मंद जाळावर रचल्या जातात, खाली नारळाची सोडणं धुमसताहेत. धूर खाल्ल्यानंतर उन्हं. पुन्हा धूर, पुन्हा उन्हं, काही दिवस असंच. शेवटी जे उरतं ते मासमीन. काळपट तपकिरी, लाकडासारखं टणक. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखण आवाज येतो. त्यातली एक बाई मला तुकडा हातात देते आणि बोटांनी सांगते: पाच किलोला एक. म्हणजे पाच किलो ओल्या माशाचं किलोभर मासमीन. ते वर्षानुवर्षं टिकतं. शिडाच्या जहाजांच्या काळात हेच बेटाचं चलन होतं. ते घेऊन जायचं आणि तांदूळ, कापड घेऊन परतायचं.

ज्या पाण्यात फाका शिजल्या ते फेकत नाहीत. ते आटवत ठेवतात. तासन्‌तास आटून त्याचा गडद, दाट, खारट अर्क होतो. भातावर त्याचा नखभर थेंब पुरतो. इथल्या स्वयंपाकाची खरी ओळख या अर्कात आणि मासमीनच्या चुऱ्यात आहे.

जेवायला मला एका घरी बोलावलंय. ताटात उकडा भात, कुप्याची नारळाच्या दुधातली आमटी, आणि मासमीन कुटून त्यात ओलं खोबरं, कांदा, हिरवी मिरची कालवलेली एक कोरडी भाजी. एका वाटीत तळलेला ऑक्टोपस, जो ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकात घरच्या मुलाने पकडलाय. वर नीरफणसाचे काप. तांदूळ, डाळ, कांदा, मिरची हे सगळं केरळच्या किनाऱ्यावरून जहाजाने आलेलं. बेटाचं स्वतःचं म्हणजे नारळ, नीरफणस, केळी, शेवगा आणि समुद्र. या चवीत धूर पुढे आहे, नारळ मागे आहे. मसाल्याचा मारा नाही, कारण माशाला त्याची गरज नाही. शेवटी नारळाच्या नीरेचा आटवलेला काकवीसारखा पाक येतो. पोळीच्या तुकड्याने तो पुसून खाताना घरची आजी समाधानाने पाहत असते आणि मी थांबलो की पुन्हा वाढते.

दुपारी रस्त्यांवर ऊन आणि शांतता आहे. अरुंद सिमेंटचे रस्ते, सायकली, नारळाची सावली. कुत्रा कुठेच नाही. लक्षद्वीपमध्ये कुत्री नाहीतच. बेट लांबट आहे, दहाएक किलोमीटरचं, आणि काही ठिकाणी इतकं चिंचोळं की मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडचा समुद्र ऐकू येतो. वस्ती गावागावांत विभागलेली. बडा, कुदेही, रम्मेडू, अलूडी ही त्यांतली काही. प्रत्येक गावाचा एक पुरुष प्रमुख असतो, बोडुकाका, आणि एक स्त्री प्रमुख, बोडुतात्ता. गावाचं स्वतःचं घर असतं, जिथे सगळे जमतात, शिजवतात, भांडणं मिटवतात, पाहुण्यांना बसवतात.

अशाच एका गावघराच्या छपराखाली लांबलचक, निमुळती, रंगवलेली होडी ठेवलेली आहे. ही जहाधोनी. प्रत्येक गावाची आपली एक, रंग ठरलेले. सणाला या होड्यांची शर्यत लागते, आणि मानाचा पाहुणा आला तर त्याला आणायलाही हीच निघते. होडीला हात लावण्याआधी मी परवानगी विचारतो. शेजारच्या बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ हसून हिंदीत म्हणतात, “लावा, लावा. गावाची आहे, म्हणजे पाहुण्याची पण आहे.”

त्यांचं हिंदी ऐकून मी चमकतो, कारण त्यात मुंबई आहे. काका आयुष्यभर मालवाहू जहाजांवर खलाशी होते. मिनिकॉयचे पुरुष कित्येक पिढ्या जगभरच्या जहाजांवर काम करताहेत. या एवढ्याशा बेटावर रॉटरडॅम आणि सिंगापूर पाहिलेली माणसं घरोघर सापडतात. “नंबर लागेपर्यंत मुंबईत गोदीजवळ राहायचो,” काका सांगतात. “आमच्या बेटाचे सगळे एका खोलीत. घरून मासमीन आणलेलं असायचं. तेवढ्यावर महिना निघायचा.”

“पुरुष वर्ष वर्ष बाहेर, मग इथलं कोण बघायचं?”

“बायकाच बघतात. घर, जमीन, गावाचं काम. आम्ही पैसे पाठवायचो, हुकूम नाही पाठवायचो.”

मी अली मानिकफान यांच्याबद्दल विचारतो आणि काका ताठ बसतात. 1938 साली या बेटावर जन्मलेले मानिकफान शाळा सोडून स्वतः शिकले. मत्स्यशास्त्र, खगोल, जहाजबांधणी, अनेक भाषा. माशांच्या संशोधनात त्यांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून एका माशाच्या जातीला त्यांचं नाव दिलं गेलं. टिम सेव्हरिन या ब्रिटिश साहसी लेखकाने 1980-81 मध्ये ओमानहून चीनपर्यंत सिंदबादच्या वाटेने जाण्यासाठी ‘सोहार’ नावाचं जहाज बांधवलं, त्याची बांधणी मानिकफान यांच्या देखरेखीखाली झाली: खिळे न वापरता, फळ्या काथ्याने शिवून. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होंदेलीला जिवंत ठेवण्यासाठी बोटीच्या तळाला नेमकं कुठे भोक पाडावं हे ज्या लोकांना कळतं, त्यांच्यातून असा माणूस निघावा यात मला आश्चर्य वाटत नाही.

उन्हं कलल्यावर मी लगूनमध्ये उतरतो. इथली जमीन पाच चौरस किलोमीटरही नाही, लगून तिच्या कितीतरी पट मोठं. चेहरा पाण्यात घातला की वरचं जग संपतं. वाळूवर समुद्रकाकड्या पडल्यात. सागरी गवताच्या पट्ट्यात एक हिरवं कासव चरतंय. ते माझ्याकडे पाहतं आणि चरत राहतं. एका प्रवाळ गोट्यापाशी पोपटमासा खडक कुरतडतोय, आणि त्या कुरतडण्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. खडकावरचं शेवाळ तो खरवडतो, त्याबरोबर प्रवाळाचा चुरा गिळतो आणि बारीक वाळू करून बाहेर टाकतो. ज्या पांढऱ्या किनाऱ्याचे फोटो काढायला आपण येतो त्यात या माशाच्या पोटातून गेलेली वाळू आहे.

पण पुढे पोहत गेल्यावर जे दिसतं ते पाहून छातीत धस्स होतं. फांद्याफांद्यांच्या प्रवाळाचा मोठा पट्टा मेलेला आहे. रंग नाही. करड्या शेवाळाने वेढलेल्या काड्या, काही जागीच उभ्या, बऱ्याचशा मोडून ढीग झालेल्या. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त आणि बराच काळ तापलं की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात; प्रवाळ पांढरा होतो आणि पाणी लवकर निवलं नाही तर उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये हे 1998 मध्ये मोठ्या प्रमाणावर झालं, मग 2010, मग 2016, आणि पुन्हा 2024 च्या उन्हाळ्यात. दोन तडाख्यांमधलं अंतर प्रवाळाला पुन्हा वाढायला पुरत नाही. मिनिकॉयमध्ये त्यात आणखी एक भर आहे: घरांच्या भिंती आणि चुना यांसाठी पूर्वी लगूनमधूनच प्रवाळ खणून काढला गेला.

या मेलेल्या पट्ट्यावर होंदेली नाही. एकही नाही. थोडं पलीकडे एक जिवंत गोटा आहे, जांभळट, डेरेदार, आणि त्याच्या कपारींभोवती चंदेरी ढग तरंगतोय. पहाटे पाहिलेलं सगळं इथे एका ओळीत येतं. प्रवाळ असेल तर कपार, कपार असेल तर होंदेली, होंदेली असेल तर कुपा, आणि कुपा असेल तर मासमीन, वाटे, गावघर. समुद्रात बाहेर कुपा भरपूर असूनही बेट उपाशी राहू शकतं, कारण त्याला बोलावणारं आमिष आत, गुडघा-कमरभर पाण्यात जगतं.

दीपगृह बेटाच्या दक्षिण भागात आहे. 1885 साली इंग्रजांनी बांधलेलं, आजही चालू. मावळतीला मी वर पोचतो तेव्हा वारा कानांत भरतो. इथून बेटाचा आकार कळतो: पूर्वेला उघडा समुद्र फुटतोय, पश्चिमेला लगून, आणि मधे नारळांची वाकलेली पट्टी. नैऋत्येला विरिंगिली नावाचं टिकलीएवढं बेट दिसतं; तिथे एके काळी कुष्ठरुग्णांना नेऊन ठेवत. उत्तरेकडे शहाळी रचलेली एक होडी धक्क्याकडे चाललीय. इतक्या कमी जागेवर इतक्या माणसांना पाणी कसं पुरवायचं, हा विचार इथे मनात आल्याशिवाय राहत नाही. जमिनीखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो, विहिरी त्यावर चालतात. जास्त उपसलं की खारट होतं. 2011 पासून इथे समुद्राच्या खोल भागातलं थंड पाणी वापरून वाफेचं गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे, रोज सुमारे एक लाख लिटरचा. दहा हजार लोकवस्तीला तो मोठा आधार आहे. हॉटेलांच्या रांगांना तो पुरणार नाही.

2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो पसरले आणि सगळा देश लक्षद्वीपकडे वळला. लोकांनी यावं असं मला मनापासून वाटतं. इथली माणसं पाहुण्याला जीव लावतात, आणि असं समाजजीवन फोटोत दिसत नाही. पण बेटावर किती लोक येतात एवढाच प्रश्न नाही. आलेले लोक काय मागतात, हा मोठा प्रश्न आहे. पाहुण्यांसाठी आणि निर्यातीसाठी खडकातला मासा मारायला सुरुवात झाली आहे. हेकरू, पोपटमासा, चांगला दर मिळणारे मोठे मासे. पोपटमासा गेला की शेवाळ वाढतं, शेवाळ वाढलं की उन्हाने आधीच थकलेला प्रवाळ पुन्हा उभा राहत नाही.

म्हणून येणाऱ्यांना एवढंच सांगतो. ऑक्टोबर ते मे हा काळ धरा, परवाना आधी काढा. जेवायला बसाल तेव्हा बांबूच्या गळाने धरलेला कुपा मागा, मासमीनचा चुरा मागा, ऑक्टोपस मिळाला तर खा. हेकरू किंवा पोपटमासा ताटात येत असेल तर नको म्हणा आणि का नको ते सांगा. पाण्यात उतराल तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका, उभं राहायचं तर वाळूवर राहा. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आंघोळीचं पाणी बादलीने मोजून घ्या. आणि बरोबर आणलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं सगळी जहाजातून परत कोचीला न्या. बेटावर ती टाकायला जागा नाही.